मेतकुटाच्या डब्यातल्या गोळ्या

मला लहानपणी फिट येत. गोळ्या चालू झाल्या तशा फिट थांबल्या, पण माहेरी, कल्याणला, ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. नाहीतर मला उजवणार कशी? ठाण्याला कोपरीत सासर मिळालं आणि आई दर महिन्याला मेतकुटाचा डबा घेऊन येऊ लागली. तळाशी गोळ्यांची पुडी. ती काढून घेतल्याशिवाय मी डबा कुणाच्या हाती लागू देत नसे.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझ्या मानेवर गाठी आल्या. डॉक्टरांनी एक काढून मुंबईला तपासायला पाठवली आणि आठ दिवसांनी मला, ह्यांना आणि सासूबाईंना बोलावलं. रिपोर्ट कॅन्सरचा वाटत होता. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंनी माझा हात धरला तो सोडेचनात.

"पण तपासणाऱ्यांनी विचारलंय," डॉक्टर म्हणाले, "आधीपासून काही औषध चालू आहे का? काही औषधांनी गाठ अशी बदलते, की काचेखाली थेट कॅन्सरसारखी दिसते. पाहणारा फसतो."

"छे हो, सर्दीची गोळीसुद्धा घेत नाही ही," सासूबाई म्हणाल्या.

बोलले तर संसार जाणार, गप्प राहिले तर जीव. आईचा असा राग आला म्हणून सांगू! त्या रागातच मी ओरडले, "घेते! फिटच्या गोळ्या घेते! लग्नाआधीपासून!"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "कुठल्या?" मी नाव सांगताच त्यांनी टेबलावर थाप मारली. "अहो, मग हा कॅन्सर नसेलही!"

"म्हणजे हिला नुसत्या फिट येतात?" सासूबाईंनी विचारलं. "एवढंच?"

एवढंच! दोन वर्षं ज्यापायी मी जीव मुठीत धरून जगले, ते एवढंच!

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. रोज सकाळी सासूबाई माझी मान चाचपत. तिसऱ्या आठवड्यात हाताला काही लागेना, तशा त्या पेढे घेऊन आळीभर हिंडल्या. "आमच्या सुनेला फिट येतात हो, बाकी काही नाही!" मला लाजही वाटली आणि हसूही आवरेना.

आईला मी यातलं काहीच कळवलं नव्हतं. ती नेहमीसारखी डबा घेऊन आली. सासूबाईंनी दारातच तो तिच्या हातातून घेतला.

"विहीणबाई, गोळ्यांचं आता आम्ही बघतो. पुढच्या खेपेला डबा मेतकुटानं काठोकाठ भरून आणा."

आई उंबऱ्यातच बसली आणि रडू लागली.