सिलास कंपाउंडरचे बूट

दवाखान्याच्या अंगणात इनॅमलची तसराळी ओळीनं मांडलेली, प्रत्येकात गोडं पाणी, शेजारी घडी घातलेला पंचा. तय्यबला वाटलं, काय ही माणसं, दुपारनंतरच्या असरच्या नमाजाची वेळ ओळखून आपल्या हातपाय धुण्याची, वजूची सोय करून ठेवली. तेल निघायच्या आधीच्या त्या दुबईत गोड्या पाण्याचं मोल त्याला कुणी सांगायला नको होतं. लांबच्या विहिरीवरून ते दवाखान्यासाठी ड्रमांत भरून आणायची नोकरी त्याचीच, नुकतीच लागलेली. तो बाकावर टेकला, बाह्या सारल्या, खळखळून चूळ भरून अंगणात टाकली, तोंड-हात धुतले आणि शेवटी दोन्ही पाय तसराळ्यात बुडवले. मान वर केली तर दवाखाना चालवणारी अख्खी मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती मंडळी भिंतीशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, हे लोक एकमेकांचे पाय धुतात, हे हर्णैच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिथं पानिपतच्या तिन्ही लढाया पाठ करून घेतल्या होत्या, पण त्यांचा इथं उपयोग नव्हता.

अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली. त्या हसू दाबताना तसं करत. मग सिलास कंपाउंडर पुढं आला. हा धमतरीचा, आजोळ नागपूरचं, म्हणून मराठी बोलणारा. त्यानं तसराळं ओतून नवं पाणी घेतलं, तय्यबसमोर गुडघे टेकले आणि त्याची टाच हातात धरली.

"आमच्यात स्वतःचे पाय स्वतः धुवायची सोय नाही," तो म्हणाला.

बापाच्या वयाचा माणूस पाय चोळतोय म्हटल्यावर तय्यबचे कान तापले. रिवाज असा, की ज्याचे धुतले त्यानं उठून धुणाऱ्याचे धुवायचे. तय्यबनं पंचा उचललाही, पण सिलास बूट घालूनच उभा. माझे पुढल्या वर्षी, म्हणाला, उधारी राहू दे. बाकीच्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मंडळी तशी मूठभरच. बंदूक उचलायची नाही, शपथ घ्यायची नाही, पेटीही वाजवायची नाही, नुसत्या गळ्यावर गायचं. तय्यब मागच्या चटईवर बसू लागला. त्याला बाटवायची गोष्ट कुणी काढली नाही. नमाजाला उठला की लोक पाय आवरून वाट देत. खाडीकाठच्या खोलीवर मात्र त्याचा गाववाला जहूर रोज टोचायचा, "काय पाद्रीबाबा, आज कुणाचे पाय धुतलेस?"

"तुझे धुवायचे तर तसराळं पुरायचं नाही, टाकी लागेल."

सिलास जूनच्या उन्हातही बुटांत असायचा. जेवायचा बाजूला, स्वतःच्या ताटलीत. तय्यब विचारायचा, कंपाउंडरसाहेब, निजताना तरी काढता का, की लग्नातले आहेत? सिलास हसून आपल्या कामाला लागायचा.

एका सकाळी तय्यबला अंगणात रक्ताचे ठसे दिसले. औषधांच्या खोलीपासून दारापर्यंत, पुन्हा दारापासून औषधांपर्यंत. सिलास शांतपणे पुड्या बांधत होता. त्याच्या बुटातून लांब खिळा आरपार गेला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बूट कापून काढला. आत बोटं नव्हती, नुसते खुंट.

पोरवयातला महारोग, धमतरीच्या आश्रमात कधीच बरा झालेला, आता कुणाला लागत नाही, बाईंनी सगळ्यांना समजावलं. तय्यबनं ऐकलं, मान डोलावली आणि मागच्या टाकीपाशी जाऊन साबणानं हात धुतले. मग पुन्हा धुतले. दारात सिलास बसला होता. त्यानं पाहिलं.

दाराशी रांगेत उभ्या रोग्यांनीही सगळं पाहिलं होतं. बाजारात बातमी गेली, रोगी आटले, आणि घरमालकाचा निरोप आला: कंपाउंडर तरी जाईल, नाहीतर दवाखाना. तोही वाईट नव्हता, त्याची नातवंडं त्याच अंगणात खेळत.

शुक्रवारी मंडळी बसली. सिलास म्हणाला, मी पुढच्या बोटीनं जातो, खलास. तिकडं गावी त्याला कुणी ठेवून घेणारं उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या लोकांत मतं मोजत नाहीत, एकेकाला विचारतात. विचारत विचारत बाई मागच्या चटईपर्यंत आल्या.

तय्यब म्हणाला, मी कुठं तुमच्यातला?

"चटईवर बसतोस ना?"

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं.

"सिलासचाचांनी राहायला पाहिजे," तो म्हणाला. "माझ्याकडे त्यांचं देणं आहे."

सिलास राहिला, घर सुटलं. गावाबाहेर वाळूत खजुरीच्या झावळ्यांची झोपडी उभी राहिली आणि तोच दवाखाना, तेच प्रार्थनाघर. खोलीवर जहूरनं तय्यबची ताटली वेगळी ठेवली. तय्यबनं ताटलीसकट वळकटी उचलली आणि झोपडीत निजायला आला. विहीर आणखी लांब गेली होती. पाणी पुरेना, वाळू जखमेत जाई, जखम भरेना. थंडीच्या दिवसांत बाईंनी तो पाय घोट्यावरून कापला.

पुन्हा तो गुरुवार आला. तय्यबनं तसराळं सिलासपुढं ठेवून गुडघे टेकले. सिलासनं सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हातानं, उरलेला बूट काढला. मग मोजा. कुणी नजर फिरवली नाही. पण तळव्याला नव्या जखमेची पट्टी होती, आणि बाई हळूच म्हणाल्या की ती भिजवायची नाही.

"एक पाय गेला, अर्धी उधारी माफ," सिलास म्हणाला. "दुसरा बरा झाला की बघू."

"इन्शाल्ला," तय्यब म्हणाला. तो पट्टीचा पाय त्यानं कोरडाच मांडीवर घेतला आणि गाणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

ताप पुढच्याच आठवड्यात चढला. सिलास गेला तेव्हा तय्यब विहिरीवर होता. उन्हात थांबण्यासारखं नव्हतं. मंडळींनी दुपारीच त्याच्यावर वाळू सारली. तय्यब पाण्याची गाडी घेऊन पोचला तर मंडळी फावडी झटकत परत येत होती.

मागं ड्रम काठोकाठ भरलेले होते. बाई काहीतरी सांगायला पुढं झाल्या, पण तो थांबला नाही. त्यानं एकेक ड्रम उतरवून पाणी टाकीत ओतलं. शेवटच्या ड्रमातलं तसराळंभर तेवढं काढून बाकाखाली ठेवलं आणि वर पंचा झाकला, वाळू पडू नये म्हणून.