प्रज्ञाची पट्टी आणि वस्तीवरचा हापसा

आमच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रज्ञा साळवेच्या तोंडी ‘बहुतेक’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची तिच्या शेजारीच, तेव्हा खात्रीनं सांगते. तिनं एक पॉलिमर तयार केलंय. त्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली निळ्याशार चमकतात. पाण्यात तांबं विरघळलेलं असेल, तर पट्टी बुडवताच चमक विझते. कौतुक केलं की म्हणते, चांगलंच झालंय ते. नम्रपणाचं नाटक तिला जमत नाही आणि मला तेच आवडतं.

खरं पाणी तपासायची वेळ आली तेव्हा तिनं पहिली बाटली मागवली ती पाथर्डीकडच्या आपल्या माहेरच्या वस्तीवरून. चुलती चांगुणाबाईंनी मुलाबरोबर, पंकजबरोबर, हापशाचं पाणी धाडलं. पट्टी पार विझली. प्रज्ञानं लगेच फोन लावला, की हापशाचं पाणी पिऊ नका. वस्तीनं उलटून विचारलं नाही. बायका लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून, मालकाची बोलणी खात, पाणी आणू लागल्या. ग्रामपंचायतीनं तर हापसा काढून न्यायचंच ठरवलं.

पंचायतीला पुरावा दाखवून वस्तीला नवं बोअर मिळवून द्यायचं म्हणून प्रज्ञा दिवा आणि पट्ट्या घेऊन तिकडे निघाली. मीही सोबत गेले. भर उन्हात अंधार कुठून आणायचा? मग हापशापाशीच एक गोधडी डोक्यावरून ओढून आम्ही दोघी आणि चांगुणाबाई आत बसलो. प्रज्ञानं ताज्या पाण्यात पट्टी बुडवली. निळी ती निळीच राहिली. दुसरी बुडवली, तीही तशीच.

मागच्या वेळी पाणी कशात भरलं होतं, असं प्रज्ञानं विचारलं. चांगुणाबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. लेकीच्या कॉलेजात जायचं पाणी, म्हणून त्यांनी ठेवणीतला तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखीत घासला, रात्रभर त्यात पाणी ठेवलं आणि सकाळी बाटलीत ओतलं.

चिंचेच्या आंबटानं हंड्याचं तांबं पाण्यात उतरलं होतं. प्रज्ञाचा चेहरा एकदम उजळला. पट्टी चुकलीच नव्हती, तिनं बरोबर तांबंच ओळखलं, असं ती मला पटवू लागली. मला तिचा रागच आला.

चांगुणाबाई म्हणाल्या, "पट्टीचं आमाला काय ठावं, बाई? हापसा आमी तुज्या शब्दावर सोडला हुता."

प्रज्ञा गोधडी बाजूला सारून उठली आणि जमलेल्या वस्तीसमोर, वर्गात बोलते त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्या पान्यात तांबं न्हाई. चूक माझी हाय. पानी कशात भरलं ते न विचारताच मी सांगितलं."

चांगुणाबाईंनी घागर हापशाखाली सरकवली आणि दांडा तिच्या हातात दिला.