आप्पांनी टाकी वर बसवली

दीड महिन्यापूर्वी सकाळी साडेसातला पुतण्याचा फोन आला. "काकू, आप्पा गेले." मी वेळ विचारली, वहीत लिहिली आणि समोरचा चहा संपवला. रडू आलं नाही. आप्पा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. तेव्हापासून जो भेटतो तो त्यांचं चांगलंच बोलतो आणि तुम्ही दोघं नातवंडंही तिकडून फोनवर म्हणालात, "किती गोड होते ना आप्पाआजोबा!" तुमच्याशी ते गोड होते, खरं आहे. माझ्याशी कसे होते ते मात्र कुणी सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते. इतरांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. आम्ही साताऱ्यात राहायचो, तुमचे आजोबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. आप्पा फौजेतून परतून सांगलीजवळ कृष्णाकाठच्या आमच्या गावी ऊस बघत होते. गावात घराआड एक माणूस फौजेत, आणि तारा यायच्या इंग्रजीत. मी सुट्टीला गेले की बायका औषधांचे कागद, लेकांची पत्रं घेऊन यायच्या. तार आली तर जेवणावरून उठून वाचावी लागे. मला ते आवडायचं. त्या घरात स्वयंपाकाला माझ्यापेक्षा बऱ्या बायका होत्या, पण मी वाचलेल्या शब्दावर गाव विश्वास ठेवायचं. माझं म्हणून तेवढंच होतं.

आमचा निम्मा ऊस नदीपलीकडे होता. आप्पांनी मुंबईहून जुनं बोटीचं इंजिन आणलं, नावेच्या मागच्या फळीवर अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं. सोबत पेट्रोलची लोखंडी टाकी, रबरी नळी, नळीच्या मध्यावर दाबायचा एक फुगा आणि इंग्रजी पुस्तिका. पुस्तिका त्यांनी माझ्यापुढे टाकली. मी दोनदा वाचून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. टाकी नावेच्या तळाशी ठेवायची, इंजिनापेक्षा खाली. इंजिन आपल्या पंपाने पेट्रोल ओढून घेतं. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू चालवताना सैल करायचा.

आप्पा हसले. "वैनी, मळ्यातल्या इंजनाची टाकी कुठं असतीया? वर. पाट कुठनं वाहतो? वरनं खाली. आता पेट्रोल तेवढं खालनं वर चढंल व्हय?"

"आप्पा, हे मळ्यातलं इंजिन नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुस्तक सायबानं लिवलंय. त्येनं कवा ऊस पाजलाय?"

बसलेले सगळे पुरुष हसले. तुमचे आजोबासुद्धा... हेही लिहायला हवं. आप्पांनी सुताराकडून लाकडी घोडा करून घेतला, नावेत ठोकला, आणि त्यावर, इंजिनाच्याही वर, टाकी बसवली.

पहिल्या फेरीला आम्ही तिघं नावेत होतो, सगळं ठीक चाललं. इंजिन झटक्यात सुरू झालं, नाव पलीकडे लागली, आप्पा ओरडले, "बघा वैनी, चढलं का न्हाई?" पलीकडच्या काठावर इंजिन बंद करून नारळ फोडला, खोबरं वाटलं, अर्धा तास गेला. एवढ्या वेळात वरच्या टाकीतलं पेट्रोल आपल्याच वजनाने उतरत होतं, आणि इंजिनाच्या टोपीखाली झिरपून साचत होतं. परतताना आप्पांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली आणि टोपीखालून जाळ उठला. आप्पा नदीत उडी मारून मोकळे झाले. टाकीपर्यंत जाळ पोचू नये म्हणून नळी उपटून काढली ती तुमच्या आजोबांनी, उघड्या उजव्या हाताने. मी ओलं पोतं टाकलं. जाळ विझला, पण त्यांची दोन बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. नकाशे काढणं गेलं, कचेरीत आवक-जावकचं टेबल आलं. शर्टाची बटणं मी लावून देऊ लागले.

आणि आप्पा? अलीकडे परतल्यावर ओल्या धोतरात काठावर उभे राहून जमलेल्या गावाला म्हणाले, "वैनीनं पुस्तक वाचून सांगितलं, तसंच बसवलं. आता म्या काय करू?"

मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. हाताला फडकं गुंडाळून ते खाली बघत होते. रात्री म्हणाले, "भावाची शोभा चारचौघांत कशाला?" माझ्या शोभेचं काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या दिवाळीला गेले तर घोडा मोडून चुलीत गेला होता. टाकी तळाशी, बाण इंजिनाकडे, स्क्रू सैल. "हे कुणी सांगितलं?" मी विचारलं. "अनुभव, वैनी," आप्पा डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले. पण लग्नाकार्यात त्यांचा विनोद ठरलेला. "आमच्या वैनीला पत्रिका वाचाय देऊ नका, मांडव पेटंल!" लोक पोट धरून हसायचे. बायका कागद घेऊन यायच्या थांबल्या. एकदा शेजारणीकडे फौजेतल्या लेकाची तार आली, तर तिचा धाकटा मुलगा आमच्या दारावरून सायकल मारत दोन मैलांवरच्या मास्तरांकडे गेला. मी ओसरीवर उभी होते. ती तार बरी निघाली, पण तो परत येईपर्यंत त्या आईने दारात काढलेला तास मी पाहिला. आप्पांना मी क्षमा केलेली नाही, ती त्या तासासाठी.

तेराव्याला गेले. माणसं ओसरीवर बसून आप्पांच्या हुशारीच्या गोष्टी सांगत होती. माझी जाऊ सुमन, आप्पांची बायको, मला हाताला धरून त्यांच्या खोलीत घेऊन गेली. कपाटाचा खालचा खण तिने ओढला. आत इंग्रजी कागदच कागद... पाण्याच्या पंपाचे, रक्तदाबाच्या यंत्राचे, गोळ्यांच्या डब्यांतले, चाळीस वर्षांचे. कित्येकांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"म्हणायचे, वैनी आल्या की वाचून घिऊ," सुमन म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या वाचण्यावर इस्वास न्हवता त्येंचा."

"मग कधी विचारलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं इचारतील, आक्का?"

मी चष्मा लावला. खोलीचं दार सताड उघडलं. सगळ्यात वरचा कागद उचलला आणि ओसरीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकेक वाक्य मराठीत सांगत, वाचायला लागले.