आधी शेवट लावणारे नाना

गौरव समितीचं पत्र आलं. वसंतनानांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी 'त्यांच्या शांत व संयमी स्वभावावर' चार शब्द लिहून द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. मी ते दोनदा वाचलं. शांत? संयमी? अहो, समितीतल्या एकाने तरी नानांना काम करताना पाहिलंय का? वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आहेत. नाना रागीट आहेत. त्यांच्याजवळ राहून मीही तशीच झाले, आणि हा लेखसुद्धा मी रागातच लिहिते आहे. कारण पत्रासोबत मुखपृष्ठासाठी निवडलेला नानांचा फोटो होता. त्या फोटोबद्दल मी शेवटी बोलणार आहे आणि समितीने ते न गाळता छापायचं आहे.

मी मूळची धुळ्याची. तिथे एका स्टुडिओत लग्नाच्या फिल्म जोडायला शिकले आणि लग्नानंतर जळगावला आले. पिंप्राळ्यात नानांचं दुकान होतं. पुढे फोटो काढायची जागा, मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक जुना जाडजूड टीव्ही. लोकांच्या कॅसेटी, मेमरी कार्डं, मोबाइलमधल्या फिल्म डिस्कवर उतरवून देणं हा त्यांचा धंदा. काम मागायला गेले तेव्हा मी बनवलेली एक डिस्क नमुना म्हणून नेली होती. नानांनी ती प्लेअरमध्ये घातली, रिमोट उचलला आणि थेट शेवटाला गेले.

"नाना, सुरुवात तर बघा," मी म्हटलं.

"सुरुवात बठ्ठासनी चांगली ऱ्हास," नाना म्हणाले. सगळ्यांचीच सुरुवात चांगली असते, असं. "शेवट देख, बाई."

पडद्यावर भटजींनी तोंड मिटलं आणि त्यानंतर 'सावधान' ऐकू आलं. मी खाली बघितलं.

"ही गिऱ्हाइकाला दिली तू?"

"हो."

"परत आण."

बस्स, एवढंच. काम दिलं नाही, हाकललंही नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने धुळ्याला गेले, त्या घरी जाऊन माफी मागितली आणि डिस्क घेऊन परत आले. येताना पारोळ्यापर्यंत डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. कोण हा माणूस, स्वतःला समजतो कोण! दुकानात पाय टाकला तर नानांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवली का?" आत अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढून ठेवला होता. मग नानांनी मला खुर्चीवर बसवून आवाज का घसरतो ते पहिल्यापासून समजावलं.

नानांनी शिकवलेलं सांगायलाच हवं, कारण त्यांचा सगळा स्वभाव त्यात आहे. डिस्कवर चित्रं ठरलेल्या चालीने धावतात, सेकंदाला पंचवीस. मोबाइलची चाल मात्र ठरलेली नसते. उजेड कमी झाला की तो दर सेकंदाला कमी चित्रं घेतो, उजेड वाढला की जास्त. अशी फाइल जशीच्या तशी डिस्कसाठी कोंबली की चित्रं मागे-पुढे होतात, आवाज आपल्याच गतीने जातो. पहिल्या पाच मिनिटांत काही कळत नाही, अर्ध्या तासाने ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. म्हणून आधी फाइलची चाल एकसारखी करून घ्यायची, मगच डिस्क बनवायची. आणि बनवलेली डिस्क कॉम्प्युटरवर नाही, गिऱ्हाइकाच्या घरी असतो तसल्या टीव्हीवर लावून बघायची. सुरुवात, मध्य, शेवट. त्यातही शेवट आधी. एकदा मी पडद्याचं माप चुकीचं निवडलं आणि नवरदेवाचं तोंड भाकरीएवढं रुंद झालं. मला हसू आलं. नानांनी रिमोट टेबलावर आपटला. "त्याच्या आईला दाखवशील हे?"

"चालतंय" या शब्दाचा नानांना मनस्वी तिटकारा. मला त्याची किंमत कळली ती नशिराबादच्या वंदनाताईंमुळे.

वंदनाताईंना लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानात मशीन घालतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. दोन्ही मिळून त्यांना बोलणं कळतं. त्यांचे वडील आबा, रावेरकडचे केळीवाले. लेकीच्या लग्नात मांडवात माइक हातात घेऊन ते बोलले होते आणि भावाने मोबाइलवर ते घेतलं होतं. आबा गेल्यावर वंदनाताई ती फिल्म डिस्कवर करून घ्यायला आल्या, घरच्या टीव्हीवर आबांचं तोंड मोठं दिसावं म्हणून. नाना बाहेरगावी होते. मी काम घेतलं, पाच मिनिटं पाहिलं आणि दिलं.

आठवड्याने त्या परत आल्या. ओठ आणि आवाज जुळत नव्हते. मी काय केलं? सगळा आवाज अर्धा सेकंद पुढे सरकवला, सुरुवात जुळली आणि पुन्हा दिलं. त्या तिसऱ्यांदा आल्या. "आबा शेवटी मला काहीतरी सांगतात. तेव्हा बँड सुरू झालाय. ओठ वेगळे, आवाज वेगळा. मला काहीच समजत नाही."

"भावाला विचारा ना," मी म्हटलं.

"तो म्हणतो, नेहमीचंच, नीट राहा म्हणाले. मला आबांच्या तोंडून ऐकायचंय. लग्नात ऐकलं नाही मी. फोटोवाल्याने मशीन काढायला लावलं होतं, फोटोत दिसतं म्हणून. सासरचेही काढच म्हणाले."

आणि मी, हे ऐकूनसुद्धा, म्हणाले, "ताई, रेकॉर्डिंगच तसं आहे."

मागच्या खोलीतून नानांचा आवाज आला. "रेकॉर्डिंग तसं शे, का तूच तशी शेस?"

नाना बाहेर आले. भर दुपारी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं. गिऱ्हाइकासमोर मला असं बोलले की पिंप्राळ्यातली चार दुकानं गप्प झाली असतील. तो अपमान होता आणि मी तो कमावला होता. मग त्यांनी वंदनाताईंना टीव्हीसमोर खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. "माय, मी कानाने जुळवतो. तुम्हाला ओठांचं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही सांगा, मी करतो."

फाइल पहिल्यापासून घेतली. चाल एकसारखी केली, बँडचा गोंगाट जमेल तेवढा दाबला. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात; ते मिटले की वंदनाताई बोट वर करायच्या आणि नाना आवाज त्या बोटाशी लावायचे. चार डिस्क वाया गेल्या. पाचव्या डिस्कला नानांनी रिमोट वंदनाताईंच्या हातात दिला आणि थेट शेवट लावायला सांगितला.

आबा माइक बाजूला करून लेकीकडे वाकले होते. "वंदे, कानातलं मशीन कोणासाठी काढू नको. आज काढायला लावलं आणि मी गप बसलो. माझं चुकलं."

वंदनाताईंनी ते तीन वेळा लावलं. मशीन लपावं म्हणून त्या पदर कानांवरून घट्ट ओढून बसलेल्या होत्या. तो त्यांनी मागे घेतला आणि कानामागे खोचला. मी त्यांची माफी मागितली. नानांनी मला धीर दिला नाही, आणि तेच बरोबर होतं.

आता तो फोटो. गेली दोन वर्षं नाना स्वतः कानात मशीन घालतात. मुखपृष्ठावरच्या फोटोत ते नाही. विचारलं तर समितीचा फोटोवाला म्हणाला, "काढायला लावलं. बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! आणि नाना, एका नवरदेवाच्या तोंडासाठी रिमोट आपटणारे नाना, गप बसले. मी त्यांच्यावर ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, "जाऊ दे बाई, एका फोटोनं काय होतं? चालतंय."

"नाना," मी म्हटलं, "आबाही गप बसले होते."

सदऱ्याच्या खिशातून नानांनी मशीन काढलं, कानात बसवलं आणि म्हणाले, "बोलाव त्याला परत." नवा फोटो या लेखासोबत पाठवला आहे. तोच छापायचा.

नानांना शंभर वर्षं मिळोत, डोळे, कान आणि राग शाबूत ठेवून. समारंभाला वंदनाताई येणार आहेत, नानांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसणार आहेत. भाषण करणाऱ्या सर्व मान्यवरांना विनंती आहे की माइक ओठांच्या खाली धरा. त्या दोघांना शेवटचा शब्दसुद्धा कळला पाहिजे.