कोटांच्या खोलीतलं उंडीचं तेल

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता, इथे जर्मनीत, एश्बॉर्नला, आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी बाजारात, माझ्या ताहितीच्या मैत्रिणीवर अन्याय झाला. करणारे आपणच. त्यात मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

ती माझ्याच प्रयोगशाळेत पीएचडी करते. तिच्या बेटावरचं तामानुचं झाड म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरची उंडी. तिचे आजोबा त्या लाकडाच्या होड्या आणि खोलगट ताटं कोरायचे. जुन्या देवस्थानांभोवती हीच झाडं, त्यांना कुऱ्हाड लावायची नाही. बिया महिना-दोन महिने वाळवून तिची आई जखमांसाठी हिरवट, दाट तेल काढते. त्याच्या पाच बाटल्या घेऊन ती आली होती. विकायला नाही. आपल्या झाडाबद्दल आपल्या तोंडाने सांगायला. मंडळाने तिला टेबल कबूल केलं होतं.

त्या टेबलाचं माहितीपत्रक लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. अध्यक्षकाकांनी मसुदा वाचला. "ताहिती-बिहिती कशाला? इथूनच गेलं असणार तिकडे."

"अहो काका, बिया समुद्रावर तरंगत जातात. पुरावा काय?"

"अगं, आपल्याकडून काय गेलं नाही?"

बरोबर. शून्य गेलं, योग गेला, तर पॅसिफिकमधली झाडं कशी मागे राहतील? मग मी, अन्यायाविरुद्ध पत्रकं काढणारी रणरागिणी, जागा कमी म्हणून तिची चार वाक्यं खोडली. मथळा दिला: 'उंडी: कोकणाची जगाला देणगी'.

अकराला कुणीतरी ते वाचून विचारलं, "मग आपल्या तेलाबद्दल सांगणारी ही कोण?" टेबल चकलीला गेलं, ती कोटांच्या खोलीत. येणारे तिच्या हातात कोट देत गेले, ती टांगत गेली. एक काकू कौतुकाने म्हणाल्या, "किती हसतमुख! आपल्या फेराइनने, मंडळाने, कामाला ठेवलीय का हिला?"

दुपारी तिने पत्रक माझ्यापुढे धरलं. "यात मी कुठे आहे?"

"आल्झो... म्हणजे... जागा नव्हती."

तिने बाटल्या पिशवीत भरल्या आणि घरची एस-बान लोकल पकडली. एकही उघडली गेली नव्हती.

माफी मी मागितली. तिने 'बरं' म्हटलं. टेबल मात्र माझ्या माफीने मिळत नाही, समितीच्या मतांनी मिळतं. बैठक येत्या रविवारी आहे. तुम्ही सभासद आहात, त्या दिवशी कोट तिच्याच हातात दिलात. तेव्हा या आणि हात वर करा: संक्रांतीला दारासमोरचं पहिलं टेबल तिचं, नवं पत्रक तिच्या शब्दांत. येताय की नाही, आजच कळवा.