रंगराव पाटलांची पहिली दुनळी

"मला धा बोअरचीच पायजे," रंगराव पाटील तिसऱ्यांदा म्हणाले.

तेलगावकडच्या एका गावचे हे पाटील. रानडुकरांनी त्यांची ज्वारी लोळवली होती. जिल्ह्याच्या तालुकदाराच्या कचेरीतून बंदुकीचं लायसन मिळवून ते थेट धारूरला माझ्या दुकानात आले होते. निजामी अमलात मी तिथे बंदुका विकायचो आणि दुरुस्तही करायचो. पाटलांनी मात्र आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती.

बोअर म्हणजे नळीचं माप. आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी आणि खांद्याला धक्काही मोठा. नवख्या माणसाला नेमकी मोठीच हवी असते. मी दहा बोअरची त्यांच्या हातात दिली.

"डोळे मिटून खांद्याला लावा. आता उघडा. नळी कुठं बघती?"

"खाली," ते ओशाळून म्हणाले.

"जड पडती तुमाला."

मग बारा बोअरची हलकी, दोन नळ्यांची दुनळी दिली. ती खांद्याला बरोबर बसली. तरी हौस फिटेना. "काडतुसं तरी कडक द्या की. ते नवं बिनधुराच्या दारूचं म्हणत्यात, ते."

"न्हाई. तितराला बारीक छर्रे, डुकराला मोठे. दारू बेताची. आदी खांदा शिकू द्या, मग बघू."

दोनदा त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून शिकवलं. बंदूक घरात भरून ठेवायची नाही, काडतुसं वेगळ्या पेटीत कुलूपबंद, नळी कुणाकडे वळवायची नाही. रंगराव चटकन शिकले. मी स्वतःवरच खूश होतो. त्यांनी दसऱ्याचं आग्रहाचं बोलावणं केलं.

मी पोचलो तेव्हा गाव शिवेवर जमलं होतं. आदल्या दिवशी खंडेनवमीला बंदुकीची पूजा झाली होती. लाकडी दस्त्यावर कुंकवाची बोटं दिसत होती. आता सीमोल्लंघनाला पाटील पहिला बार काढणार होते. हलगी कडाडत होती. त्यांनी दोन्ही काडतुसं भरली, बंदूक आभाळाकडे उचलली. आणि मला डाव्या नळीच्या तोंडातून लोंबणारा पिवळा दोरा दिसला.

दोरा बाहेरून गुंडाळलेला असता तर हरकत नव्हती. हा आतून आला होता.

नळीत काही अडकलं असलं की मागून येणाऱ्या बाराला वाट मिळत नाही. मग नळीच फाटते, आणि नळी धरलेला डावा हात तिथेच असतो. शिकाऊ असताना असा एक हात मी पाहिला होता. पुढे कित्येक महिने मला भाकरीचा तुकडा मोडताना तो आठवायचा. शिवेवर हलगी अजून कडाडत होती. "थांबा" म्हणालो, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पाटलांच्या भोवती चाळीस-पन्नास माणसं खेटून उभी होती. पाटलांनी चाप अडवणारी सेफ्टी सरकवली.

खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं.

माणसांना ढकलत मी मागून गेलो. डाव्या हाताने त्यांचा चापाकडचा हात खेचला, उजव्या अंगठ्याने बंदूक उघडायचा वरचा खटका रेटला आणि नळ्या खाली दाबल्या. दुनळी मधोमध उघडली. दोन्ही काडतुसं उपसून मी खिशात टाकली.

"येडा झाला का बे मिस्त्री?" पाटील कडाडले. "गावादेखत माझा हात धरतो?"

मी नुसत्या नळ्या त्यांच्या डोळ्यांपुढे धरल्या. उजवीतून आभाळ दिसत होतं. डावीत काळोख होता. मागून काडी घालून ढकललं, तर पिवळ्या फडक्याची पुरचुंडी बाहेर पडली. आत तांदूळ, हळकुंड, सुपारी.

हलगी थांबली. पाटील पांढरेफटक पडले.

"काय झालं असतं?"

"हात गेला असता. कदाचित डोळाबी."

ते तिथेच मातीत बसले. मीही शेजारी बसलो.

घरी आल्यावर त्यांनी बायकोवर आवाज चढवला. पाटलीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्या तिथूनच बोलल्या.

"मीच घातली. घरात लेकरं हायत, मला बंदुकीचं लई भ्या वाटतं. माझ्या माहेरी नव्या कोयत्याची धार पिवळ्या फडक्यात बांधत्यात, म्हंजे घरच्याला लागत न्हाई. हिची धार तर आत हाय. म्हून आत बांधली."

"आगं, मिस्त्री दोनदा येऊन समदं सांगून गेला की!"

"तुमाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी आत भाकरी थापत होते. मला कुणी काय सांगितलं?"

पाटील माझ्याकडे बघायला लागले. मला लाज वाटली. बंदूक उडवणाऱ्याला शिकवलं होतं. ती जिथे राहणार, त्या घराला नाही.

त्यानंतर घरच्या बायकांना समोर बसवून, नळीतून आरपार बघायला लावल्याशिवाय मी एकही बंदूक विकली नाही. काही गिऱ्हाइकं यावरून चिडून निघून गेली. मी त्यांना जाऊ दिलं.