अर्धे अर्धे दोन डबे

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी स्वयंपाकघर दिसतं, मग रायफल.

मी लहानपणी पुण्याहून जर्मनीत आलो आणि ड्रेस्डेनच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालो. मी नोकरीत असताना तिथल्या संगणक-चिपच्या कारखान्यातला एक मराठी इंजिनिअर रानडुकराच्या शिकारीला गेला आणि रायफल त्याच्या हातातच फुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. काडतूस त्याने स्वतः भरलेलं, तेही 'वाइल्डकॅट', म्हणजे मूळ पुंगळीचा आकार बदलून केलेलं, दुकानात न मिळणारं. परवाना मात्र रीतसर होता.

लगेच निनावी फोन आला. 'त्याचा शिकारी मित्र तपासा. दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय.' त्यातच प्रयोगशाळेने कळवलं, उरलेल्या काडतुसांत बंदुकीच्या दोन वेगळ्या दारू मिसळल्या आहेत, त्यानेच रायफल फुटली. झालं! माझे वरिष्ठ त्या मित्राला अटक करायला निघाले.

चौकशी मी केली. मित्र जर्मन, वयस्कर, पार रडकुंडीला आलेला. "आल्झो, म्हणजे असं बघा, भांडलो मी. पण त्याच्या दारूच्या डब्याला हात लावला नाही. टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवायची, हे त्याला मीच शिकवलं."

खोटारडा माणूस आधी भांडण नाकारतो. याने नाकारलं नाही. मी अटक थांबवली आणि इंजिनिअरच्या घरी गेलो.

पुण्याहून आलेल्या त्याच्या सासूबाई पोह्यांची दोन अर्धी पाकिटं एका डब्यात ओतत होत्या. ते पाहून मला शंका आली.

"ताई, तळघरातलं बंदुकीच्या दारूचं कपाट तुम्ही आवरलंत का हो?"

"दसऱ्याला जावईबापूंनी पूजेसाठी सगळं बाहेर काढलं होतं ना! पुसताना बघितलं तर दोन अर्धे डबे, काळे दाणे दिसायला सारखेच. एकात केले, रिकामा टाकून दिला." मग त्यांची नजर शेजारी बसलेल्या जावयाच्या बँडेजवर गेली. "अगं बाई! माझ्यामुळे?"

"नाही हो, आई," तो म्हणाला. "कुलूप लावायचं काम माझं होतं. साहेब, हेच लिहा."

प्रत्येक काडतुसाची दारू त्याने काटेकोर मोजली होती. पण डब्यात काय आहे, ते त्याने लेबलावरून गृहीत धरलं. सासूबाईंना धीर द्यायला तो तसं बोलला असेल, पण कायदाही नेमकं तेच म्हणतो. मी जबाब लिहिला आणि मित्राला घरी पाठवलं. सूड, पैसा, भांडण हे सगळं नंतर बघावं, आधी घरात कोण काय आवरतं ते विचारावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

त्या जबाबाने आपला परवाना जाणार, हे इंजिनिअरला ठाऊक होतं. तरी डाव्या हाताने, वेडीवाकडी का होईना, त्याने लगेच सही केली. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.